टाचणीवरच्या मधमाशीची अमानत

ज्ञानासाठी एखाद्या जिवाचा प्राण घ्यावा काय? प्रश्न जुना आहे. खाटकाला, शेतकऱ्याला, औषधे शोधणाऱ्याला तो वेळोवेळी विचारला गेला आहे. पण निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयांना तो सहसा कोणी विचारत नाही. तिथे गेलेला माणूस डायनोसॉरचा सांगाडा पाहून थक्क होतो आणि बाहेर पडतो. मागच्या खोल्यांत काय ठेवले आहे, ते त्याला दिसत नाही.

लंडनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम घ्या. साउथ केन्सिंग्टनमधील त्याची भव्य इमारत १८८१ साली लोकांसाठी खुली झाली. आज त्याच्याकडे सुमारे आठ कोटी नमुने आहेत. लोकांपुढे मांडलेले नमुने त्यातला अगदी थोडा भाग, बाकीचे कपाटांत, खणांत आणि बरण्यांत. तिथल्या कीटकांच्या खणांमध्ये टाचणीवर खोचलेल्या मधमाश्यांच्या रांगा आहेत. प्रत्येकीच्या खाली कागदाची इवलीशी चिठ्ठी असते. ही कुठे सापडली, कोणत्या तारखेला, कोणी पकडली, एवढाच मजकूर.

मुसलमान वाचकाला या रांगांपुढे क्षणभर थांबावे लागते. कुरआनच्या सोळाव्या सूरेचे नावच मधमाशीवरून आहे, अन-नहल. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात चार जीव मारण्यास मनाई आलेली आहे: मुंगी, मधमाशी, हुदहुद आणि सुरद, म्हणजे आपला खाटीक पक्षी. तेव्हा जिला मारायला मना आहे, तिलाच मारून ज्ञान उभे राहत असेल तर त्या ज्ञानाकडे आपण कोणत्या नजरेने पाहावे?

वर्गात जैवविविधता शिकवताना हा प्रश्न माझ्यापुढे एका विद्यार्थिनीने ठेवला होता. तिने विचारले, "सर, असा अभ्यास करणाऱ्याला सवाब मिळेल की गुनाह होईल?" शिक्षकांच्या खोलीत मी तो प्रश्न सांगितला तेव्हा एक सहकारी सहज म्हणाले, "अहो, फवारणीने एका दिवसात जेवढ्या माश्या मरतात, तेवढ्या त्या गोऱ्यांनी शंभर वर्षांत मारल्या नसतील!" बोलण्यात तथ्य आहे. पण ते उत्तर नव्हे. दुसरा जास्त मारतो, म्हणून माझे मारणे माफ होत नाही. हिसाब ज्याचा त्याला द्यावा लागतो.

दुसरे उत्तर गरजेचे. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. आपल्याला मध देणाऱ्या त्यांत मोजक्याच. बहुतेक माश्या पोळे बांधतच नाहीत. जमिनीत किंवा लाकडात बीळ करून एकेकट्या राहतात. त्यांतल्या कितीतरी जाती डोळ्यांनी किंवा छायाचित्रावरून ओळखता येत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पंखाच्या शिरा, जबडे, अंगावरचे केस पाहावे लागतात. जिचे नावच ठाऊक नाही, ती कमी होते आहे की वाढते आहे हे सांगणार कोण? जिचे नाव कुठे नोंदलेले नाही, ती नाहीशी झाली तरी कोणाला पत्ता लागत नाही.

तिसरे उत्तर उपयोगाचे, आणि ते सर्वांत वजनदार वाटते. २०२२ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या आणि या संग्रहालयाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या संग्रहांतील जुन्या बंबलबी तपासल्या. या जाडजूड, केसाळ माश्या असतात. वाढीच्या काळात माशीवर ताण पडला, तर तिचा डावा आणि उजवा पंख तंतोतंत सारखा होत नाही. संशोधकांनी शंभर वर्षांतल्या माश्यांचे पंख मोजले, तेव्हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विषमता वाढलेली आढळली. ज्या वर्षी हवा अधिक उष्ण आणि दमट, त्या वर्षी ती जास्त. हवामान बदलले तर माशीचे काय होईल, याची साक्ष अशी मेलेल्या माश्यांनी दिली.

याआधीही असे घडले आहे. १९६७ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याच्या अंड्यांची जुनी टरफले तपासली आणि १९४७ च्या सुमारापासून ती पातळ होत गेल्याचे दाखवून दिले. पुढे त्यामागे डीडीटीचे विष असल्याचे सिद्ध झाले. गंमत अशी की यांतली पुष्कळ अंडी हौशी लोकांनी घरट्यांतून उचलून आणलेली होती.

इथे सावध राहायला हवे. उपयोग झाला म्हणून मारणे योग्य ठरले, असे म्हणणे फार सोपे आहे, आणि तितकेच धोक्याचे. या तर्काने कोणतीही क्रूरता धुऊन काढता येईल. शिवाय तो खराही नाही. १९१० साली जाळे घेऊन शेतात फिरणाऱ्या माणसाला २०२२ चा प्रश्न कुठे ठाऊक होता? अंडी चोरणाऱ्याला डीडीटीचे नावही माहीत नव्हते. जो उपयोग त्याच्या नियतीतच नव्हता, त्याचा सवाब त्याच्या खात्यात कसा मांडायचा?

मला वाटते, आपण चुकीच्या क्षणाकडे पाहत आहोत. मारणे जायज की नाजायज, याचा निवाडा केवळ मारण्याच्या क्षणी होत नाही. तो पुढची शंभर वर्षे चालू राहतो. जीव घेतला त्या क्षणी घेणाऱ्याच्या गळ्यात एक अमानत पडते. त्याने ठिकाण लिहिले का, तारीख लिहिली का? पुढच्याने तो खण वाळवीपासून, ओलीपासून जपला का? त्याच्या पुढच्याने तो मागेल त्याला पाहू दिला का? चिठ्ठी नसलेली माशी अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी असते. तिचा जीव फुकट गेला, आणि तो घेणाऱ्याजवळ सांगायला काहीही उरले नाही. त्या इवल्या कागदावर सगळे नैतिक ओझे तोललेले आहे.

आपल्याकडचे एक उदाहरण या संदर्भात आठवण्यासारखे आहे. मुंबईत वाढलेल्या लहानग्या सलीम अलींनी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी खाणे जायज आहे की नाही, अशी त्यांना शंका आली. त्यांचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी भाच्याला १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. तिथे सचिव मिलर्ड यांनी चिमणी ओळखली आणि मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. पुढे १९८५ साली लिहिलेल्या आत्मचरित्राचे नावही त्यांनी त्या पडलेल्या चिमणीवरूनच ठेवले. हलाल-हरामच्या एका बालसुलभ शंकेतून एवढा मोठा पक्षिशास्त्रज्ञ घडला! मोठेपणीही अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले. पण भरतपूरच्या पाणथळीसाठी आणि केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलासाठी तेच उभे राहिले. घेतलेल्या जिवांचे देणे फेडणे म्हणतात ते हे.

आणि अमानतीत खयानत? तीही डोळ्यांपुढे आहे. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ द जानेरो इथल्या ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. देखभालीसाठी पैसा मिळत नाही, अशी ओरड तिथे कितीतरी वर्षे चालू होती. सुमारे पन्नास लाख कीटकांच्या संग्रहाचा बहुतेक भाग जळून गेला. आपल्या दिल्लीतले राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयही एप्रिल २०१६ मध्ये आगीत खाक झाले. ते जीव जणू दोनदा मेले.

अमानत कोणाची, हाही प्रश्न आहेच. जीवाश्माला आपण मारलेले नसते, तरी तो कोणाच्या तरी भूमीतून आलेला असतो. ब्राझीलमध्ये सापडलेला उबिराजारा नावाच्या डायनोसॉरचा जीवाश्म जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या संग्रहालयात होता. ब्राझीलच्या लोकांनी आवाज उठवला आणि २०२३ साली तो मायदेशी परतला. आल्फ्रेड रसेल वॉलेस आज इंडोनेशियात असलेल्या बेटांवर हिंडून नमुने गोळा करीत होते, तेव्हा सारावाकचा अली नावाचा मलय तरुण त्यांच्यासोबत होता. १८५८ साली बाचान बेटावर एक अनोखा स्वर्गीय पक्षी अलीने मिळवला. पक्ष्याला नाव मात्र वॉलेसचे लागले. वॉलेसने स्वतःच्या लिखाणात अलीचा उल्लेख केला, म्हणून आज आपल्याला तो ठाऊक तरी आहे.

त्याच बेटावर वॉलेसला जगातली सर्वांत मोठी मधमाशी मिळाली. नंतर ती शास्त्रज्ञांना थेट १९८१ साली पुन्हा दिसली. २०१९ साली तिचे जिवंतपणी पहिल्यांदा छायाचित्र घेतले गेले. पण त्याच्या आदल्याच वर्षी अशी एक मेलेली माशी ऑनलाइन लिलावात ९,१०० डॉलरना विकली गेली होती. टाचणी तीच आणि माशीही तीच. एकीच्या मरणावर साऱ्या जगाचा हक्क राहिला, दुसरीचे मरण एकाच्या कपाटात गेले.

अलीकडे शतकापूर्वीच्या माशीचा एक पाय घेऊन तिचा डीएनए वाचता येतो. जुन्यातून अधिक वाचता येऊ लागले, तसे नवे मारण्याचे कारण कमी व्हायला हवे. मनाई उठलेली नाही. गरजेपुरती वाट मिळाली असेल, तर ती गरजेपुरतीच चालावी. आणि हे फक्त शास्त्रज्ञांना लागू आहे असे नाही. त्या माश्यांनी दिलेली साक्ष आता पुस्तकांतून आपल्यापर्यंत आली आहे. ती वाचून आपण बांधावरची फुले उपटून टाकली आणि फुलोऱ्यावर विष फवारत राहिलो, तर मारणाऱ्यांच्या यादीत आपलेही नाव लागेल, आणि आपल्याजवळ तर दाखवायला चिठ्ठीही नसेल.