परवाना यंत्राचा की माणसाचा?

गोंदियाच्या राइस मिलमध्ये हिशेबाचा संगणक बदलताना टॅली या प्रोग्रॅमचा परवाना साधारणपणे आधी जुन्या यंत्रावरून परत करावा लागतो, मग तो नव्यावर सुरू होतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला देही जुने शरीर सोडूनच नवे धारण करतो; प्रोग्रॅमची प्रत मात्र दोन्हीकडे राहू शकते. म्हणून ही त्यागाची अट मला न्याय्य वाटते. विकत मिळाला तो एका ठिकाणच्या वापराचा हक्क. त्याहून अधिक घेणे पतंजलींच्या अस्तेयात, म्हणजे चोरी न करण्याच्या नियमात, बसत नाही.

कोणी विचारेल, पैसे मोजल्यावर बंधन कशाला? आक्षेपात तथ्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत ठेवू देते. मग यंत्र अचानक जळाले, परवाना परत करताच आला नाही, तर हक्कही जळाला म्हणणे हा अधर्मच. विक्रेत्याने तो पुन्हा सुरू करून दिलाच पाहिजे.