चांगुलपणाचा हिशेब

चांगल्या माणसाचे हसे होते, तेव्हा हसणाऱ्याने क्षणभर थांबून स्वतःला विचारावे : आपण नेमके कशाला हसलो? त्याच्या चांगुलपणाला, की त्या चांगुलपणात राहून गेलेल्या एखाद्या उणिवेला? हा प्रश्न माझ्यापुढे उभा केला तो कोणत्या प्रवचनाने नव्हे, तर एका विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमाने.

२३ डिसेंबर १९८८ रोजी बीबीसीने नाताळनिमित्त ‘ब्लॅकॲडर्स ख्रिसमस कॅरोल’ हा पाऊण तासाचा कार्यक्रम दाखवला. लेखक होते रिचर्ड कर्टिस आणि बेन एल्टन, आणि नायकाच्या भूमिकेत रोवन अ‍ॅटकिन्सन. ‘ब्लॅकॲडर’ मालिकेचा १९८३ मधील पहिला भाग बाहेरच्या चित्रीकरणामुळे खर्चिक ठरला होता. म्हणून १९८६ मध्ये दुसरा भाग आला तो जवळजवळ सगळा स्टुडिओच्या भिंतींआड. नाताळचा कार्यक्रमही त्याच काटकसरीच्या वाटेने गेला. देखावे मोजके, सारा भार शब्दांवर आणि नटांच्या मुद्रेवर. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या १८४३ सालच्या कथेचे ते विडंबन होते.

मूळ कथा बहुतेकांना ठाऊक आहे. स्क्रूज हा लंडनचा कंजूष सावकार. नाताळच्या आदल्या रात्री भूत, वर्तमान आणि भविष्य यांचे दर्शन घडवणारे तीन आत्मे त्याला भेटतात आणि सकाळी तो दयाळू होऊन उठतो. विडंबनात हाच क्रम उलटा केला आहे. एबेनीझर ब्लॅकॲडर हा मिशा विकणारा दुकानदार इंग्लंडमधील सर्वांत दयाळू माणूस आहे, आणि जो येतो तो त्याला लुबाडून जातो. आत्मा त्याला भेटतो, तोही केवळ कौतुक करण्यासाठी. बोलता बोलता तो त्याच्या दुष्ट पूर्वजांची चैन त्याला दाखवतो. मग भविष्य दिसते. हा दुष्ट झाला, तर याचा वंशज विश्वाचा स्वामी होईल. चांगलाच राहिला, तर तो वंशज आपल्याच मठ्ठ नोकराच्या वंशजाचा गुलाम होईल. एबेनीझर हिशेब करतो आणि सकाळी दुष्ट होऊन उठतो.

नाताळच्या दिवसांत नाताळच्याच कथेची थट्टा करावी का, असे एखादा वडीलधारा विचारील. त्याचा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी मर्यादेतल्या विनोदाला सद्गुणांत स्थान दिले आहे. शरीराप्रमाणे मनही थकते आणि त्यालाही विसावा लागतो, असे ते मानत. शिवाय विडंबन होते ते सर्वांच्या ओळखीच्या गोष्टीचेच. तेव्हा प्रश्न थट्टेचा नाही; थट्टेतून जे सुचवले जाते ते खरे आहे का, हा आहे.

सुचवले जाते ते असे : चांगुलपणा परवडत नाही. हा विचार मुळीच नवा नाही. ईयोबाच्या ग्रंथात सैतान परमेश्वरापुढे हीच शंका उपस्थित करतो. ईयोब भक्ती करतो ती काही मोबदला मिळतो म्हणूनच ना? तो मोबदला काढून घ्या, मग पाहू! ईयोब त्या परीक्षेत टिकला. एबेनीझर एका रात्रीत कोसळला. याचा अर्थ चांगुलपणा खोटा ठरला असा नाही. एबेनीझरच्या चांगुलपणाची या प्रश्नाशी कधी गाठच पडली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. त्याला नाही म्हणता येत नव्हते, म्हणून तो हो म्हणत होता.

मात्र विडंबनकारांची खरी चलाखी आणखी खोल आहे. डिकन्सच्या कथेत स्क्रूजला केवळ स्वतःचे भवितव्य दिसत नाही. आपल्या कारकुनाच्या घरचे तुटपुंजे जेवण आणि त्या घरातला कुबडीवर चालणारा आजारी टायनी टिम हेही त्याला दिसतात. तो मुलगा जगेल का, असे स्क्रूज कळवळून विचारतो. त्याचे परिवर्तन तिथे सुरू झालेले असते. स्वतःच्या थडग्याचे भय नंतरचे. ब्लॅकॲडरला मात्र मागे-पुढे, सगळीकडे ब्लॅकॲडरच दिसतात. आत्मा त्याच्यापुढे जणू आरसा धरतो. आणि विडंबनातला टायनी टॉम? तो चांगला धष्टपुष्ट आहे. अनाथ मुलेसुद्धा खाऊन-पिऊन गुबगुबीत आहेत. दयेला हास्यास्पद ठरवायचे, तर भुकेल्या मुलाला आधी रंगमंचावरून दूर करावे लागते. ते मूल तिथे असते, तर आपल्याला हसताच आले नसते.

डिकन्सने ते मूल पाहिले होते. वडील कर्जापायी तुरुंगात गेले तेव्हा, १८२४ मध्ये, बारा वर्षांचा डिकन्स स्वतः बूट-पॉलिशच्या कारखान्यात राबला होता. कथा लिहिली त्याच वर्षी त्याने लंडनमधील निर्धन मुलांची एक शाळा पाहिली होती. आणि गंमत अशी की, पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळपूर्वीच संपूनही तिच्या देखण्या छपाईच्या खर्चामुळे त्याच्या हाती अपेक्षेहून फारच थोडे पैसे आले.

माझ्या वडिलांना गाव भोळा म्हणे. त्यांच्याकडून बियाण्याचे भात उसने नेणारे काही जण ते कधीच परत करीत नसत, आणि पुढच्या पावसाळ्यात वडील त्यांना पुन्हा देत. आम्ही मुले त्यांना हसत असू. एकदा मी धीर करून विचारले, ‘‘हे परत येणार नाही, हे कळत नाही का तुम्हाला?’’ ते म्हणाले, ‘‘कळतं रे. पण त्याचं शेत पडीक राहील ना.’’ दारूसाठी पैसे मागणाऱ्याला मात्र त्यांनी कधी दमडी दिली नाही. त्याच्या बायकोकडे तांदूळ पोहोचवला. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे उमगायला मला फार वर्षे लागली. ज्याला आम्ही भोळेपणा समजत होतो, तो डोळस होता. समोरचा टिम आहे की टॉम, हे ते पाहत, आणि मग देत.

यालाच ख्रिस्ती परंपरेने विवेक म्हटले आहे आणि सद्गुणांच्या रथाचे सारथ्य त्याच्याकडे दिले आहे. दाखल्यातला दयाळू शोमरोनीसुद्धा जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, मालकाला दोन नाणी देतो, उरलेले परत येताना फेडण्याचे वचन देतो आणि आपल्या प्रवासाला निघतो. तो काही सारी थैली रिकामी करीत नाही. जखम पाहून, तिला लागेल तेवढे तो देतो. एबेनीझरमध्ये उणीव होती ती या पाहण्याची. त्यावर उपाय दुष्टपणा नव्हता. डोळे उघडणे हा होता.

कार्यक्रमाच्या शेवटी आणखी एक कलाटणी आहे. वेश पालटून आलेली राणी व्हिक्टोरिया आणि राजपुत्र आल्बर्ट या दयाळू दुकानदाराला पन्नास हजार पौंड आणि सरदारकी देणार असतात. नुकताच दुष्ट झालेला एबेनीझर त्यांचा पाणउतारा करून त्यांना घालवून देतो आणि सारे गमावतो. आपण पुन्हा हसतो. पण तो पूर्वीसारखाच राहून ती रक्कम त्याला मिळाली असती, तर चांगुलपणा सिद्ध झाला असता काय? तेव्हाही उरला असता तो हिशेबच, फक्त बेरीज वेगळी. वडिलांच्या वहीत त्या भाताची नोंद कुठेच नव्हती. त्यांच्या मागे मी ती शोधून पाहिली होती.