गोधडीची खालची बाजू

गोधडी पाहायला आलेलं माणूस आधी वरची बाजू बघतं. रंगीत चौकोन, कडेच्या फुल्या, धावदोऱ्याच्या एकाआड एक चाललेल्या ओळी यांचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण झोपणाऱ्याच्या अंगाशी रात्रभर असतं ते अस्तर. म्हणून गोधडीचा विचार अस्तरापासून सुरू करावा, असं मला मनापासून वाटतं. सातारा भागात गोधडीला वाकळ म्हणतात. तिथल्या माझ्या आत्याचं सांगणं असायचं, "अंगाला लागतंय ते आधी बघावं, डोळ्याला दिसतंय ते मागनं." मी गोधड्या शिवते आहे ती याच वाक्याच्या आधारावर.

अस्तराला सर्वांत चांगलं कापड म्हणजे वापरलेलं सुती लुगडं. नऊवारी लुगडं सुमारे सव्वाआठ मीटर भरतं. त्याचे चार सारखे तुकडे केले, की प्रत्येक तुकडा दोन मीटरहून किंचित मोठा होतो. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले, की दोघांच्या गोधडीचं अस्तर तयार, आणि उरलेले दोन तिच्या वरच्या थराला पुरतात. वर्षानुवर्षांच्या धुण्याने या कापडाची खळ गेलेली असते. जेवढं आटायचं तेवढं ते आटून झालेलं असतं. ते घाम टिपतं आणि थंडीत अंगाला गार लागत नाही. नायलॉनच्या साड्या टिकाऊ असतात, पण घाम टिपत नाहीत. शिवताना थर एकमेकांवरून सरकतात ते वेगळंच.

मात्र जुनं कापड मऊ असतं तसंच ते विरलेलंही असतं, आणि निवडीची खरी कसोटी तिथे लागते. लुगडं उजेडासमोर धरावं. कासोट्याचा आणि बैठकीचा भाग बहुधा जाळीसारखा दिसतो. कापड दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणलं आणि धागे कुरकुरत सरकले, तर ते अस्तराला घेऊ नये. ते टाकूनही देऊ नये. असं कापड मधल्या थरात घालावं. तिथे घर्षण नसतं, दोन्हीकडून आधार असतो आणि त्याची ऊब पुरेपूर मिळते. अस्तराला हवं ते मधल्या वयाचं कापड, मऊ झालेलं आणि अजून दम असलेलं.

निवडलेलं कापड सोड्याच्या गरम पाण्यातून काढून, खळखळून धुऊन कडक उन्हात वाळवायचं. मग काठ उतरवायचे. अंग सुती आणि काठ-पदर रेशमी अशा इरकलीला हे करावंच लागतं. रेशीम आणि सूत धुण्यात सारखं वागत नाहीत, त्यामुळे काठ ठेवला तर कडेला चुण्या पडतात. उतरवलेले काठ वरच्या बाजूला किनार म्हणून शोभतात. तुकडे करताना मी कात्री फक्त सुरुवातीच्या चिरेपुरती वापरते. तिथून पुढे कापड हाताने फाडते. सुती कापड आडव्या दोऱ्याच्या रेघेत सरळ फाटत जातं आणि त्याचा कोन आपोआप काटकोन येतो.

जोड कुठे यावा, हाही विचार आधीच करायचा. एकट्या माणसाच्या गोधडीला दोन पन्ने मधोमध जोडले, तर शिवण नेमकी पाठीखाली येते. त्यापेक्षा एक पन्ना अखंड मध्ये ठेवावा आणि दुसरा उभा फाडून दोन्ही बाजूंना लावावा. शिवणी दोन होतात, श्रम वाढतात, पण झोपणाऱ्याच्या पाठीला फक्त कापड लागतं. जोडाच्या कडा आणि दोऱ्याच्या गाठी मधल्या थराकडे वळवायच्या. लहान मुलाच्या दुपट्याला तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

नवं कापडच घ्यायचं असेल, तर मांजरपाट चांगलं. पण ते रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्यावं, शक्यतो दोनदा. कोरं मांजरपाट तसंच लावलं, की पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरची सगळी मेहनत सुरकुतते.

यानंतर अंथरणं. स्वच्छ झाडलेल्या जमिनीवर अस्तर पसरून चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवायची. सुरकुती राहू द्यायची नाही आणि कापड ओढून ताणायचंही नाही, कारण ताणलेलं कापड सोडल्यावर मागे येतं. वरच्या थरापेक्षा अस्तर चारी बाजूंनी चार बोटं जास्त असावं, कारण टाके घालताना ते आत ओढलं जातं. आपल्याकडे धावदोरा कडेकडेने सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जातो. अस्तरात कुठे ढिलाई राहिली, तर ती प्रत्येक फेरीबरोबर आत ढकलली जाते आणि शेवटी मधोमध फुगवटा येतो. तिथे पोचल्यावर तो काढायला वाट उरत नाही.

गोधडी जुनी झाली, की तिच्यावर दोन्ही बाजूंनी नवं लुगडं चढवून ती पुन्हा शिवतात. आज अस्तर असलेलं कापड तेव्हा मधला थर होतं. घरात कापड येतं, नेसलं जातं, अंथरलं जातं आणि मग आत जातं. त्याच्या प्रत्येक वयाला घरात जागा आहे, फक्त ती जागा ओळखणारे हात हवेत. म्हणूनच गोधडी शिवायला शिकणाऱ्या मुलींना मी आधी सुई देत नाही. जुन्या लुगड्यांची चवड पुढ्यात ठेवते आणि त्यांतलं अंगाशी कुठलं ठेवायचं, ते निवडायला सांगते.