दुःख सोसणे आणि दुःख लपविणे

सोशिकपणा हा सद्गुण आहे हे आपण सर्व मानतो. परंतु दुःख सोसणे आणि दुःख लपविणे ही एकच गोष्ट आहे काय? आपल्या घरांतील भगिनींविषयी हा प्रश्न विचारणे अवश्य आहे.

एंडोमेट्रिओसिस नावाचा एक विकार आहे. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. त्यामुळे पाळीच्या वेळी, व पुष्कळदा इतर दिवशीही, तीव्र वेदना होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयाच्या दर दहा स्त्रियांपैकी सुमारे एकीस तो असतो. तो समूळ घालविणारा उपाय अद्याप नाही. तथापि औषधांनी, आणि काहींच्या बाबतीत शस्त्रक्रियेने, वेदना कमी होतात. पण बाईच्या जातीला हे असायचेच, असे म्हणून घरचीच माणसे तिला गप्प करितात.

आता पोटासाठी राबणाऱ्या स्त्रीची दशा पाहा. ऊसतोडीस जाणारे नवराबायको मुकादमाकडून उचल घेतात. एक दिवस खाडा झाला तर दंड बसतो. दुखणे सांगावे तर मजुरी बुडते, न सांगावे तर देह खचतो. बीड जिल्ह्यात अशा स्त्रियांविषयी २०१९ साली शासनाच्या समितीने चौकशी केली, तेव्हा पाहणी झालेल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या सर्वांस हाच विकार होता असे नव्हे. पण ज्या विकाराचे मूळ गर्भाशयाबाहेरही असते, तो केवळ गर्भाशय काढल्याने जाईलच असे नाही; कर्ज मात्र डोक्यावर राहते.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील स्त्री आठवा. बारा वर्षे रक्तस्राव. वैद्यांपायी सर्व पैसा गेला, आणि दुखणे वाढले. ती लपत आली. याईराच्या घरी जाण्याची घाई असताही प्रभू थांबला, तिची सर्व हकिकत त्याने ऐकून घेतली, आणि तिला कन्या म्हटले. त्याने तिच्या गप्प राहण्याची वाखाणणी केली नाही.

कोणी म्हणेल, पौलाने देहातील काटा सोसला ना? होय, परंतु तो दूर व्हावा म्हणून त्याने तीन वेळा प्रार्थना केली, आणि ही गोष्ट करिंथच्या मंडळीस लिहून कळविली. त्याने काटा सोसला, लपविला नाही.

एकमेकांची ओझी वाहावी अशी आपणांस आज्ञा आहे. पण जे ओझे दाखविण्याची सोय नाही, ते वाहणार कोण? ह्यास्तव उपदेशकाच्या पत्नीने किंवा मंडळीतील वडील बाईने अशा भगिनीची विचारपूस करावी. दुखण्याच्या तारखा लिहून ठेवाव्या, आणि तिजबरोबर सरकारी इस्पितळात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. गर्भाशय काढण्यास कोणी सांगितले तर सावकाराकडे धावण्याआधी दुसऱ्या डॉक्टरास विचारावे. त्या दिवसांत पाणी व सरपण नवऱ्याने आणावे. खाडा झाला तर मंडळीच्या निधीतून त्या घरी धान्य जावे.

एवढे केल्यावर तिला धीर धर म्हणावे; त्याआधी नव्हे.