पाहुण्यानं किती वाकावं?

'देश तसा वेश' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तिच्या पोटात एक अवघड नैतिक प्रश्न आहे हे लक्षातच येत नाही. वेश बदलणं सोपं. पण परक्या गावात, परक्या घरात गेल्यावर आपल्याकडून नुसत्या कपड्यांची अपेक्षा नसते. चपला बाहेर काढा, डोकं झाका, इथे वाका, हे कपाळाला लावा, हे प्रसाद म्हणून खा. ज्यावर माझा विश्वास नाही ते मी केलं, तर तो शिष्टाचार की खोटेपणा? आणि नाही केलं, तर तो प्रामाणिकपणा की उद्धटपणा?

मी देव मानत नाही. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, आणि या नोकरीतही हा प्रश्न दरवर्षी समोर येतो. खंडेनवमीला आमच्या ऑफिसात झेंडूची तोरणं लागतात, लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं जातं. एका वर्षी नेदरलँड्सहून आलेल्या सहकाऱ्यानं मला विचारलं, "मीही फूल वाहू का? माझा देवावर विश्वास नाही." मी म्हणालो, "माझाही नाही." त्यावर त्याचा पुढचा प्रश्न साहजिक होता, "मग तू का वाहतोस?" 'पद्धत आहे' एवढंच उत्तर मी दिलं. त्याला ते पुरलं. मला पुरलं नाही.

या प्रश्नाचा नीट विचार करायला मला तेर फार उपयोगी पडलं. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेकाठचं हे गाव. आज तिथे एसटीनं जावं लागतं, पण दोन हजार वर्षांपूर्वी हे 'तगर' नावाचं मोठं व्यापारी शहर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून साधं कापड नि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांमधून भडोचच्या बंदराकडे जाते. म्हणजे परक्या माणसाला रीत शिकवणं आणि परक्याची रीत पाहणं, हे या गावाला नवं नाही.

गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेनं जमवलेल्या वस्तूंमधून उभं राहिलेलं सरकारी संग्रहालय तिथे आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे, कारण तिच्याशी जवळचं साम्य असलेली दुसरी हस्तिदंती मूर्ती 1938 मध्ये थेट इटलीत, पाँपेईच्या अवशेषांत सापडली. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. तिला बराच काळ 'लक्ष्मी' म्हटलं गेलं. आज बरेच अभ्यासक ते मान्य करत नाहीत. पाँपेईच्या घरमालकाला ती कोण आहे हे ठाऊक होतं का, कोण जाणे. वस्तू समुद्र ओलांडून जाते, तिच्याभोवतीची रीत मात्र मागेच राहते. रीत कळून घ्यायची तर माणसाला स्वतः जावं लागतं, आणि गेलं की वाकायचं की नाही हा प्रश्न येतोच.

तेरमध्ये पाहुण्याबद्दलच्या दोन कथा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पहिली त्रिविक्रमाच्या देवळात. हे विटांचं देऊळ मागच्या बाजूनं अर्धगोल आहे आणि मुळात तो बौद्धांचा चैत्य असावा असं अभ्यासक मानतात. आत आहे त्रिविक्रम, पाऊल उचललेला विष्णू. कथा आपल्याला पाठ आहे. बटू वामन बळीच्या दारी पाहुणा म्हणून आला, तीन पावलं जमीन मागितली, दोन पावलांत सगळं व्यापलं आणि तिसरं पाऊल यजमानाच्या डोक्यावर ठेवलं. ही पाहुण्याच्या विजयाची कथा आहे. पण गंमत अशी, की मराठी घरांत दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना बायका म्हणतात 'इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो'. पूजा पाहुण्याची होते. मन मात्र यजमानाकडे राहिलेलं आहे.

दुसरी कथा गोरोबाकाकांची. तेरणेच्या काठी त्यांचं समाधी मंदिर आहे. संतमंडळी त्यांच्या घरी जमलेली असताना मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं पाहून विचारलं, हे काय? गोरोबा म्हणाले, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आम्हीही मडकीच, आम्हाला तपासा, असं म्हटल्यावर गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटत गेले. सगळे शांत बसले. नामदेव मात्र दुखावले, आणि 'हे मडकं कच्चं' असा निकाल लागला. इथे यजमान पाहुण्याच्या डोक्याला हात लावतो, आणि कथा सांगणाऱ्यांना त्यात काही चुकीचं वाटत नाही.

प्रवासाला निघताना आपण समजतो की आपण रिती बघायला चाललो आहोत. थापटण्याची कथा उलटं सांगते: पाहुणाही तपासला जात असतो. आणि त्या तपासणीत नामदेवांची श्रद्धा अजिबात कमी पडली नाही. विठ्ठलावर त्यांच्याइतकं प्रेम कुणाचं होतं? कमी पडलं ते दुसऱ्याच्या घरात स्वतःचं मोठेपण बाजूला ठेवणं. म्हणजे आपण ज्याला श्रद्धेचा प्रश्न समजतो, तो पुष्कळदा अहंकाराचा प्रश्न असतो.

याचा सगळ्यात थेट अनुभव वारकऱ्यांमध्ये येतो. त्यांची एक रीत आहे: भेटलं की एकमेकांच्या पाया पडायचं. वय, जात, शिक्षण काही न बघता. समाधी मंदिराच्या आवारात सत्तरीच्या एका आजोबांनी 'माउली' म्हणत माझ्या पायांना हात लावला. मी पॅन्ट-शर्टातला, पाठीला सॅक अडकवलेला, त्यांच्या नातवाच्या वयाचा. त्या क्षणी करण्यासारखी एकच गोष्ट असते, आपणही वाकायचं. मी वाकलो. तुझा विठ्ठलावर विश्वास आहे का, असं त्यांनी विचारलं नाही, कारण त्या रितीला ते माहीत असण्याची गरजच नाही. मी वाकण्यानं 'विठ्ठल आहे' असं विधान करत नव्हतो. 'तुमच्यापेक्षा मी मोठा नाही' एवढंच म्हणत होतो, आणि ते मला अक्षरशः खरं वाटतं.

बहुतेक रिती अशाच असतात. त्या विधानं नसतात, त्या कृती असतात. आणि खोटं-खरं हे विधानाला लागतं. गुरुद्वारात गेलो की मी डोकं झाकतो, जमिनीवर पंगतीत बसतो. माझ्याबरोबर कोण बसलंय, त्याचं खातं कोणत्या बँकेत आहे, तो काय मानतो, हे लंगर विचारत नाही. माझी झालीच तर थोडी गैरसोय होते, बाकी कुणाचं काही बिघडत नाही. लॅपटॉपवरच्या फुलाचंही तेच. ज्या रितीची किंमत फक्त माझ्या ऐटीतून आणि सोयीतून वळती होते, ती पाहुण्यानं खुशाल द्यावी. तिथे 'माझं तत्त्व' पुढे करणं म्हणजे नामदेवांसारखं रुसणं आहे.

मग पाहुण्यानं सगळंच करावं का? इथे हिरोडोटसनं सांगितलेली गोष्ट आठवते. पर्शियाचा राजा दारयवहू यानं दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, वडिलांचं प्रेत खायला किती पैसे घ्याल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग ज्यांच्यात तीच रीत होती अशा कॅलाशियन नावाच्या भारतीयांना विचारलं, वडिलांचं प्रेत जाळायला किती घ्याल? ते किंचाळलेच. प्रत्येकाला आपली रीत श्रेष्ठ वाटते, असा बोध हिरोडोटस काढतो. आज प्रवास करणारी सुशिक्षित माणसं हाच बोध 'त्यांची संस्कृती आहे ती' या वाक्यात सांगतात आणि कॅमेरा काढतात.

पण या वाक्यातला 'त्यांची' म्हणजे नेमकी कुणाची? संक्रांतीचं हळदीकुंकू घ्या. परदेशी पाहुणीला ते फार आवडतं. हळद, कुंकू, अत्तर, तिळगूळ, वाण, साड्यांचे रंग, सगळं फोटोत सुंदर येतं. आमच्याकडे त्या दिवशी माझी आत्या आतल्या खोलीत तिळाच्या वड्या थापत बसायची. काका गेल्यापासून ती बाहेर आली नाही, आणि 'ये' असं कुणी म्हटलंही नाही. बाहेरून आलेल्या बाईला ही खोली दिसणं शक्यच नव्हतं. रिवाजाची दर्शनी बाजू ओसरीवर असते, त्याचं बिल बऱ्याचदा माजघरात भरलं जातं.

हे 'त्यांचं त्यांना ठरवू दे' म्हणून सोडलं, तर आपण न कळत ओसरीवरच्या माणसांची बाजू घेतलेली असते. कारण माजघरातलीही 'त्यां'च्यातलीच असतात आणि त्यांनाही काही म्हणायचं असतं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढून घेणं या विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सानेगुरुजी उपोषणाला बसले आणि मंदिर खुलं झालं. ही परक्यांनी लादलेली नीती नव्हती. रीत मोडणारे आणि रीत पाळणारे एकाच अंगणातले होते.

गोरोबांच्या दुसऱ्या कथेत तर हे आतलं भान फार स्पष्ट दिसतं. चिखल तुडवताना ते नामस्मरणात इतके तल्लीन झाले की स्वतःचं मूल पायाखाली आलेलं त्यांना कळलं नाही. लहानपणी ऐकताना मला यातली भक्ती कळायची नाही, फक्त मूल दिसायचं. आता वाटतं, कथा सांगणाऱ्यांनाही ते दिसत होतं. म्हणून तर कथा तल्लीनतेपाशी संपत नाही. शेवटी विठ्ठलाला ते मूल परत आणून द्यावंच लागतं. परत आणलं नसतं तर शतकानुशतकं लोकांनी ही कथा प्रेमानं सांगितली असती का? भक्तीची किंमत तिसऱ्याच जिवानं भरली, तर हिशोब पुरा झालेला नाही, हे त्या परंपरेला आतून माहीत आहे.

म्हणून पाहुण्याला मी एकच कसोटी लावतो: याची किंमत कोण देतंय? मी देत असेन तर वाकायचं. तिथे नसलेलं, आत बसवलेलं, बाहेर थांबवलेलं कुणी देत असेल, तर आपल्यापुरतं नम्रपणे नाही म्हणायचं. माझ्या बहिणीनं लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तेच केलं. सासरी हळदीकुंकू ठरलं तेव्हा ती म्हणाली, आत्यालाही कुंकू लावणार असाल तर मी बसते. आवाज चढवला नाही, भाषण केलं नाही. त्या वर्षी कार्यक्रम थोडा अवघडलेला झाला, पण झाला, आणि आत्या ओसरीवर होती.

या कसोटीवर एक रास्त आक्षेप आहे. चार तासांसाठी आलेल्या पाहुण्याला माजघर दिसणार कसं? बहुतेकदा दिसणारच नाही. त्यामुळे घाईनं निवाडा देण्याचा अधिकार त्याला नाही, आणि घाईनं वाहवा करण्याचाही नाही. फोटो काढण्याआधी तो एवढं विचारू शकतो, 'आज घरातलं कोण इथे नाही?' हा प्रश्न उद्धट नाही. आपल्याकडे पाहुणा घरात आला की सगळ्यांची चौकशी करतोच.

नामदेव त्या दिवशी रुसून पंढरपूरला गेले, पण पुढे औंढ्या नागनाथला जाऊन विसोबा खेचरांना त्यांनी गुरू केलं. आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे हेच कच्चं मडकं पुढे पंजाबातल्या घुमानपर्यंत पोचलं. तिथे ते परके होते, भाषा वेगळी होती, चालीरीती वेगळ्या होत्या. तरी आज त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तिथल्या लोकांनी त्यांना पाहुणा म्हणून किती तपासलं असेल, याची नोंद कुठेच नाही.