नरो वा कुंजरो वा

खाद्यतेलाच्या पिशवीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हा शब्द अनेकदा ठळक दिसतो. विधान खरेच आहे. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. पण वाचणाऱ्याची समजूत होते, की हे तेल निर्धोक. मग कढईवर हात सैल सुटतो. १०० ग्रॅम तेलात सुमारे ९०० किलोकॅलरी, हे मागे बारीक अक्षरांत असते.

धर्मराजाचे ‘नरो वा कुंजरो वा’ याहून वेगळे काय होते? शब्द खरा, समजूत खोटी. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितली. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही.

इकडे बालाघाटच्या हाटात बैगांची कोदो-कुटकी सुटी विकली जाते. तिच्यावर छापील शब्द नाही, म्हणून ती आपल्याला हलकी वाटते. विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो: सत्य नुसते बोलणाऱ्याच्या शब्दात नसते, ऐकणाऱ्याच्या मनात काय रुजते यातही असते. पाकीट उलटे करून वाचा.