भीमाचं काय करायचं?

शाळेत कथेखालचा शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा: या कथेतून लेखकाला काय सांगायचं आहे? आपण दोन-तीन ओळींत संदेश लिहायचो आणि मार्क पदरात पाडून घ्यायचो. हल्ली तेवढेही कष्ट पडत नाहीत. चॅटबॉटला कथेचं नाव दिलं की ‘गरिबी, लोभ, सामाजिक विषमता’ अशी तीन कलमं काही सेकंदांत हातात पडतात. ती अगदीच चुकीची असतात असं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. अशा उत्तरात कथेतल्या माणसावर निकाल दिलेला असतो, आणि तो त्याचं म्हणणं ऐकून न घेताच दिलेला असतो.

त्यामुळे कथेचं विश्लेषण कसं लिहायचं हा प्रश्न मला तंत्रापेक्षा न्यायाचा जास्त वाटतो. आपण कुणाबद्दल तरी बोलतोय, तो उलटून उत्तर देऊ शकत नाही, आणि त्याच्या बाजूचा जो काही पुरावा आहे तो सगळा त्या दहा-बारा पानांतच आहे. कथेतला माणूस खरा नाही, मग त्याच्यावर अन्याय झाला तर बिघडलं काय, असं कुणी विचारेल. त्याच्याबद्दल बोलताना आपण जी सवय लावून घेतो ती खऱ्या माणसांसाठीही तीच राहते, एवढंच मी म्हणेन, आणि बाकीचं एका कथेच्या आधाराने सांगेन.

कथा आहे अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’. वाचली नसेल तर आधी ती वाचा, एका बैठकीत होते. पुढे मी शेवट फोडणार आहे.

भीमा हा गावाकडून मुंबईत आलेला, पैलवानासारख्या ताकदीचा माणूस. शहरात काम मिळत नाही, म्हणून उपनगराच्या कडेला, जंगलाशेजारच्या दगडाच्या खाणीत लागतो. डोंगर फोडणारे हात, समोर डोंगर, घरात बायको आणि लाडकी लेक. मग खाण बंद पडते. हताश होऊन बसलेल्या भीमाला प्रेत जाळलेल्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. तो राख चाळायला लागतो, आणि पुढे पुरलेली मढी उकरायला लागतो. एका रात्री एका सावकाराचं मढं उकरताना त्याची कोल्ह्यांशी झुंज होते, आणि मढ्याच्या तोंडात सोनं शोधणारी बोटं त्याच्या जबड्यातच अडकतात. कसाबसा सुटून तो घरी येतो. दोन बोटं कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली. भीमा लहान मुलासारखा रडतो.

आमचा पुण्यात आठ-दहा जणांचा वाचनगट आहे, बहुतेक सगळे आयटीतले. ही कथा घेतली त्या दिवशी पाच मिनिटांत दोन तट पडले. एका मैत्रिणीचं म्हणणं, इतका धट्टाकट्टा माणूस, त्याला दुसरं काम शोधता आलं नसतं? त्याला चटक लागली होती. शेवटी जे झालं ते त्याच्या कर्माचं फळ. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, भीमाने काही केलंच नाही, व्यवस्थेने त्याला तिकडे ढकललं. दोन्ही बाजू जोरात होत्या आणि दोघांच्याही हातातली पुस्तकं मिटलेली होती. हे मला फार बोलकं वाटलं.

गटातला एक जण त्या काळात दोन महिने घरी बसलेला होता. लेऑफ. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पहिली अंगठी सापडते तेव्हा तो ती शोधत नव्हता.”

त्या संध्याकाळचं खरं विश्लेषण म्हणजे हे एक वाक्य. त्यात मत नाही, पण ते वाक्य मतांना हलवतं. ते कथेतल्या एका जागेवर बोट ठेवतं आणि म्हणतं, इथे बघा, मग बोला. कुणालाही ती जागा उघडून पडताळता येते. चटक लागण्याची सुरुवात योगायोगाने झाली असेल, तर ‘लोभी’ हा शब्द पहिल्या पानापासून त्याला चिकटवता येत नाही, फार तर नंतरच्या कुठल्या तरी जागेपासून. मग ती जागा कोणती, हे शोधावं लागतं. विश्लेषण तिथून सुरू होतं.

मी शोधली. आणि शोधताना एक गोष्ट दिसली, जी पहिल्या वाचनात नजरेतून सुटली होती. वर मी कथा सांगितली ती काळाच्या क्रमाने: खाण, बेकारी, अंगठी, मढी. अण्णा भाऊ ती तशी सांगत नाहीत. ते सुरुवात करतात शेजारच्या गावात एक बडा सावकार मेल्याच्या बातमीपासून. ती ऐकून भीमाला आनंद होतो. म्हणजे भीमाची आपली पहिली ओळख होते ती कुणाच्या तरी मरणाने खूश झालेला माणूस म्हणून. खाण, मजुरी, उपासमार हे सगळं नंतर, मागे जाऊन कळतं.

हाच मजकूर सरळ क्रमाने लिहिता आला असता. तसा लिहिला असता तर आपण आधी बेकार मजुराला भेटलो असतो, त्याची कीव केली असती आणि मढी उकरायला तो गेला तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहिलो असतो. सोपं झालं असतं. अण्णा भाऊ वाचकाला आधी निकाल देऊ देतात, किळस वाटू देतात, आणि मग खटला चालवतात. दिलेला निकाल हातात घेऊन आपल्याला पुढची पानं वाचावी लागतात. घटना कुठल्या क्रमाने घडल्या आणि कुठल्या क्रमाने सांगितल्या, हे दोन रकाने कागदावर शेजारी मांडून बघणं हे कंटाळवाणं काम आहे. मी ते अक्षरशः स्प्रेडशीटमध्ये केलं. पण कथेचा बाज जर कुठे उघडा पडत असेल तर या दोन रकान्यांमधल्या फरकात.

आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळला की नंतर जो अहवाल लिहितात त्याला पोस्टमॉर्टेमच म्हणतात. (या कथेबद्दल लिहिताना हा शब्द वापरायला मलाही संकोच वाटतोय, पण शब्द तोच आहे.) चांगल्या टीममध्ये तो ‘ब्लेमलेस’ असावा असा दंडक असतो. अमक्याने चुकीची कमांड चालवली, इथे थांबायचं नाही. ती कमांड चालू शकलीच कशी, तिला अडवणारं काही का नव्हतं, त्या माणसाला रात्री दोन वाजता एकट्याला का बसवलं होतं, असं मागे मागे जायचं. ‘माणसाची चूक’ हे कारण म्हणून लिहिलं तर अहवाल परत येतो. ही पद्धत मला मनापासून पटते. लोक त्यामुळे खरं सांगतात, लपवालपवी कमी होते.

ती कथेला लावून बघितली. भीमा मढी का उकरतो? घरात पैसा नाही. का नाही? खाण बंद पडली. का बंद पडली? इथे कथा काहीच रमत नाही. खाणमालक पात्र म्हणून समोर उभाच राहत नाही. ज्याच्या निर्णयाने सगळं सुरू झालं आणि ज्याच्या निर्णयाने शेवटी सगळं व्यर्थ ठरलं, तो कथेत नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. कथेत काय नाही, हाही पुरावाच असतो.

पण ब्लेमलेस पद्धत इथे पुरी पडत नाही. कारण कथेत भीमाची बायको आहे. ती त्याला हे काम करू नको म्हणते. मढं उकरल्याची कुजबुज लोकांत पसरलेली आहे, कुणाच्या तरी सुनेचं प्रेत उघड्यावर पडल्याची गोष्ट घरापर्यंत आलेली आहे. भीमाला हे सगळं ठाऊक आहे. भुताखेतांची भीती ती घालते, तर तो म्हणतो त्याचा मथितार्थ असा, की खरी भुतं जिवंत माणसांच्या वस्तीत आहेत. हे नुसतं धिटाईचं उत्तर नाही, हा त्याचा विचार आहे, आणि तो त्याने स्वतः केलेला आहे. ‘व्यवस्थेने ढकललं’ असं म्हटलं की भीमाचं हे बोलणं, त्याचं अंगबळ, कोल्ह्यांशी लढतानाचा त्याचा आवेश, सगळं आपण त्याच्याकडून काढून घेतो. त्याला गुन्हेगार म्हणणाऱ्यांनी निदान त्याला माणूस तरी ठेवलं होतं. त्याला बिचारा म्हणणारे त्याचा ढकललेला दगड करतात.

तेव्हा चांगल्या विश्लेषणाची माझी कसोटी अशी झाली आहे: तुमच्या म्हणण्याला सगळ्यात जास्त अडचण करणारी जागा तुम्ही स्वतः दाखवली का? भीमा दोषी आहे म्हणत असाल, तर ती न शोधता सापडलेली अंगठी तुमच्या लेखात आली पाहिजे. तो निर्दोष आहे म्हणत असाल, तर उघड्यावर पडलेली ती सून आली पाहिजे. गाळून लिहिता येतं, आणि गाळून लिहिलेलं जास्त झोकदार होतं, हेच तर संकट आहे. इंटरनेटवर गाजलेली अनेक ‘विश्लेषणं’ मला वकिलाच्या भाषणासारखी वाटतात. समोरच्या पक्षाचे साक्षीदार आलेच नाहीत.

लेखकाच्या चरित्राचं काय? अण्णा भाऊ 1920 साली वाटेगावात जन्मले, मांग समाजात. शाळा नावापुरती. मुंबईत मजुरी केली, गिरणीत राबले, कम्युनिस्ट चळवळीत आले, 1944 साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, 1969 साली गेले. हे माहीत असणं उपयोगाचंच. बेकार मजुराच्या पोटात काय होतं हे लिहिणाऱ्याने ते लांबून पाहिलेलं नव्हतं, हे कळतं. पण ‘कम्युनिस्ट लेखक, म्हणून ही वर्गसंघर्षाची कथा’ असं लिहिलं की पानं उघडायची गरजच उरत नाही. आणि दलित-शोषितांच्या साहित्याबाबत हे हटकून होतं. जी. ए. कुलकर्णींची कथा आली की आपण प्रतिमा मोजतो, नियतीवर बोलतो, रचना उलगडतो. अण्णा भाऊंची आली की ‘दाहक वास्तव’ म्हणून मान खाली घालतो आणि पुढे जातो. रचना फक्त जीएंनीच केली होती का? वर सांगितलेली उलटी सुरुवात वास्तवात पडलेली नव्हती, ती एका माणसाने बसून ठरवली होती. त्याच्या कारागिरीकडे न बघणं हासुद्धा अन्याय आहे, आदराच्या वेषातला.

राहिला शेवट. बोटं गेली त्याच दिवशी खाण सुरू होते, हा योगायोग अनेकांना बटबटीत वाटतो. आमच्याकडेही एकाने ‘फिल्मी’ म्हटलं. मला तो कर्मफळाच्या वाचनाला दिलेला टोला वाटतो. शिक्षाच द्यायची असती तर बोटं कापून कथा थांबवता आली असती. खाण सुरू झाल्याची बातमी जोडल्यावर हिशेब बिघडतो. खाण भीमाच्या पापामुळे बंद पडली नव्हती आणि पश्चात्तापामुळे उघडलेली नाही. तिला भीमा माहीतच नाही. त्याच्या आयुष्याचं जे काही बरंवाईट झालं ते तिच्या दोन तारखांच्या मध्ये झालं. तो रडतो ते कशासाठी, बोटांसाठी, केल्या कामासाठी, की आठवडाभर आधी बातमी आली असती तर या विचारासाठी, हे ठरवायला मला कथेत पुरेसा आधार मिळाला नाही. म्हणून मी ते ठरवत नाही. तिन्ही शक्यता लिहून ठेवते.

आमच्या लेऑफ झालेल्या मित्राला पुढे नोकरी लागली. त्या दोन महिन्यांत त्याने काय काय विकलं, कुणापुढे हात पसरले, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

आणि ती कथा परत वाचताना गेल्या आठवड्यात आणखी एक गोष्ट टोचली. दोन तट, इतका वाद, पण सावकाराच्या मढ्याबद्दल आमच्यातलं कुणीच काही बोललं नव्हतं. सावकार, म्हणजे त्याच्याबद्दल काय वाटून घ्यायचं हे आम्ही आधीच ठरवून टाकलं होतं. सकाळी त्याच्या घरचं कुणीतरी तिकडे गेलं असेल. अण्णा भाऊ तिकडे जात नाहीत, त्यांचं लक्ष भीमावर आहे. मला जायचं असेल तर कथेत कुठून वाट आहे, ते शोधते आहे. सापडली तर ती त्या उघड्यावर पडलेल्या सुनेच्या दोन-चार ओळींपाशीच असेल, असा अंदाज आहे.